शिरुई लिली: दुसरीकडे जगतच नाही?

शिरुई लिली हे फूलझाड तिच्या डोंगराबाहेर, म्हणजे मणिपूरच्या शिरुई डोंगराबाहेर, जगतच नाही, असं म्हटलं जातं. तसं नाहीये. ब्रिटिश वनस्पती-संशोधक फ्रँक किंग्डन-वॉर्ड यांनी १९४६ साली मणिपूरच्या उखरुल भागात तिची नोंद केली (शास्त्रीय नावात पत्नी जीन मॅकलिन यांचं आडनाव आहे). पुढे ब्रिटनमधल्या थंड, दमट बागांत ती बियांपासून वाढलीही. मैदानी उन्हाळ्यात मात्र आशा सोडा.

खरी काळजी त्या डोंगराचीच. मे-जूनच्या बहरात गर्दीने तुडवणं, कंद उपटून नेणं हे तर आहेच. त्याहून चिवट म्हणजे गवताळ उतारांवर पसरत चाललेला ठेंगणा बांबू. तो दाटला की लिलीला ना जागा, ना ऊन. कंद आणायचा विचार असेल तर कृपया नकोच!