मदत हवी आहे: दवाखान्यातल्या सहकाऱ्यांना तंबाखू सोडवण्याचं प्रशिक्षण कसं द्यावं?

नमस्कार मंडळी,

मी दंतवैद्य आहे. आमच्या दवाखान्यातल्या तीन डॉक्टर, दोन हायजिनिस्ट (दात-हिरड्या साफ करणारे) आणि तीन सहायकांसाठी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण द्यायचं माझ्याकडे आलंय. विषय एकच, पेशंटला तंबाखू सोडायला मदत कशी करायची.

माहितीची अडचण नाही. विचारा, सल्ला द्या, तयारी जोखा, मदत करा, पुढची भेट ठरवा, हे पाच टप्पे सगळ्यांना पाठ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची २०१४ ची प्रशिक्षण पुस्तिकाही त्यांच्यावरच बेतलेली आहे. घोडं अडतं ते खुर्चीपाशी.

गेल्या आठवड्यात एका तरुण डॉक्टरला पेशंटच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा दिसला. "तंबाखू लावता ना? सोडा आता, कॅन्सर होईल." पेशंटच्या तोंडात कापसाचे बोळे, सक्शनची नळी. त्याने मान हलवली आणि खुर्चीचा हात घट्ट धरला. फाइलवर 'समुपदेशन केले' अशी नोंद झाली. जाताना तो कुणाकडे न बघता गेला. डॉक्टर मनापासून बोलला होता हो, पण असं बोलायचं कसं हे त्याला कधी कुणी दाखवलंच नाही.

निकोटिन गमचंही (तलफ भागवायला देतात तो च्युइंगगम) तेच. आम्ही लिहून देतो, चघळायचा कसा हे सांगत नाही. लोक साध्या च्युइंगगमसारखा चावतात, निकोटिन गिळलं जातं, उचक्या लागतात, पोटात जळजळ होते आणि दोन दिवसांत पाकीट कचऱ्यात. चव तिखट झाली की गालाशी धरून ठेवायचा, आधीची १५ मिनिटं कॉफी किंवा आंबट पेय नको, एवढं सांगायला एक मिनिट लागतं.

शिवाय सहायक म्हणतात, "आम्ही काय सांगणार, मॅडम?" आणि आमच्यातला एक जण स्वतः सिगारेट ओढतो. त्याला न दुखावता यात कसं घ्यावं? कुणी असं प्रशिक्षण दिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

आम्ही व्याख्यान अर्ध्या तासात आटोपलं, बाकी सगळा वेळ सराव. डॉक्टरांना पेशंट केलं, तोंडात खरोखर कापूस घातला आणि सहायकांना बोलायला लावलं. दहा मिनिटांत सगळ्यांच्या लक्षात आलं की आधी तोंड मोकळं करायचं, खुर्ची सरळ करायची, मास्क खाली घ्यायचा आणि मगच विषय काढायचा. पहिली तीन मिनिटं सल्ला द्यायचा नाही, फक्त विचारायचं. "सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात लागते?" हा प्रश्न सहायकही विचारू शकतात. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर साधारणपणे ४ मिलिग्रॅमचा गम, नाहीतर २ चा.

आरसा पेशंटच्या हातात द्या. धूम्रपानाने हिरड्यांतला रक्तस्राव दबून राहतो, म्हणून "माझ्या हिरड्यांतून रक्त येत नाही" असं तो खात्रीने सांगतो. दातांभोवतीचं हाड तरीही किती झिजलंय ते एक्स-रेवर दाखवा.

सिगारेट ओढणाऱ्या सहकाऱ्याला आधी एकांतात विचारा. आमच्याकडच्याने सोडण्याचे फसलेले प्रयत्न स्वतःहून सांगितले, सगळ्यात जास्त प्रश्न त्यालाच आले.

धागाकर्ती

मनापासून आभार. खुर्ची सरळ करण्याचं खरंच सुचलं नव्हतं. आणखी एक विचारते: पहिल्या आठवड्यात तलफ सगळ्यात जास्त छळते, तेव्हा पेशंटची चौकशी करायला फोन तुमच्याकडे कोण करतं, डॉक्टर की सहायक?