सातवीच्या निबंधवह्या: सगळ्या चुका दाखवायच्या की निवडक?

वाकडची_मराठी
इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सातवीला मराठी शिकवते. वर्गात 42 मुलं. घरी हिंदी, तमिळ, तेलुगू, मल्याळम. घरात मराठी बोलणारी चार-पाचच. 'पालखी सोहळा' निबंधातली ही नेहमीच्या धाटणीची वाक्यं:

"पालखी पुणेमध्ये आली. रस्तावर खूप गर्दी होती. मीने एक वारकरीला पाणी दिली."

मी प्रत्येक चूक खोडून वर बरोबर शब्द लिहिते. एका वहीला सात मिनिटं, म्हणजे एका निबंधाला जवळजवळ पाच तास. पुढच्या निबंधात 'रस्तावर' जातं आणि 'किल्लावर' येतं. सगळं दुरुस्त करणं सोडावं का? नुसती रेघ मारून भागेल का? की खुणा ठरवून द्याव्यात?

सामान्यरूप
मॅडम, तीन वाक्यांत चुका सहा दिसतात, पण प्रकार तीनच आहेत. 'पुणेमध्ये', 'रस्तावर', 'वारकरीला' या तिन्हींत प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्याआधी सामान्यरूप, म्हणजे शब्दाचं बदललेलं रूप, झालेलं नाही. 'वारकरी'आधीच्या 'एक'चंही तसंच 'एका' व्हायला हवं. 'मीने' हे हिंदीतल्या 'मैंने'वरून आलं. मराठीत मी, तू, आम्ही, तुम्ही यांना 'ने' लागत नाही. 'पाणी दिली'मध्ये लिंग चुकलं.

तुम्ही 'रस्त्यावर' लिहून देता तेव्हा मुलाला एक शब्द मिळतो, नियम मिळत नाही. म्हणून 'किल्लावर' येणारच. एका निबंधात एकच प्रकार धरा, आणि पहिला सामान्यरूपाचाच, कारण तो जवळजवळ प्रत्येक वाक्यात लागतो. आधी दहा मिनिटं फळ्यावर: रस्ता–रस्त्या, किल्ला–किल्ल्या, पुणे–पुण्या, वारकरी–वारकऱ्या, शाळा–शाळे. त्याच वेळी मामा, काका, राजा, हत्ती बदलत नाहीत हेही सांगा, नाहीतर पुढच्या वेळी 'माम्याला' वाचावं लागेल. मग वहीत फक्त चुकलेल्या शब्दाखाली रेघ आणि समासात 'सा'. बरोबर रूप मुलानं लिहायचं.

लिंगाची गोष्ट वेगळी आहे, आणि नुसत्या खुणा इथेच फसतात. 'दिली'खाली रेघ मारून 'लिं' लिहिलंत तर मूल 'दिला' करेल. त्याचा तो अंदाज असतो, कारण पाणी नपुंसकलिंगी आहे हे कुठल्याही नियमातून त्याला काढता येत नाही. हिंदीत पाणी पुल्लिंगी, पुस्तक स्त्रीलिंगी. मराठीत दोन्ही नपुंसकलिंगी. 'आवाज' हिंदीत स्त्रीलिंगी, आपल्याकडे पुल्लिंगी. तेव्हा लिंग तुम्ही द्या: समासात 'ते पाणी' लिहा आणि 'पाणी'पासून 'दिली'पर्यंत बाण काढा. क्रियापद त्यानं बदलावं. चूक दोन शब्दांच्या नात्यात असते, म्हणून खूणही दोन्ही शब्दांना जोडणारी हवी.

लाल_शाई
वरचं पटतं, थोडी भर घालतो. 1996 साली भाषाशिक्षणाचे अभ्यासक जॉन ट्रस्कॉट यांनी 'लँग्वेज लर्निंग' या नियतकालिकात मांडलं की दुसऱ्या भाषेतल्या लेखनात व्याकरणाच्या चुका दुरुस्त करणं बंदच करावं. 1999मध्ये डेना फेरिस यांनी त्याला उत्तर दिलं. नियमात बसणाऱ्या आणि न बसणाऱ्या चुका वेगळ्या वागवाव्यात, हा फेरिस यांचा मुद्दा आपल्या फार कामाचा आहे. पुढे जॉन बिचनर वगैरेंनी इंग्रजी शिकणाऱ्यांना 'अ' आणि 'द' या उपपदांच्या एक-दोन वापरांपुरत्याच दुरुस्त्या दिल्या, तेव्हा नव्या लेखनातही सुधारणा टिकली. मात्र हे एका अरुंद नियमापुरतं आहे, सगळ्या व्याकरणाला ते लावू नये.

ट्रस्कॉट आणि शू यांच्या 2008च्या अभ्यासातली गोष्टही ध्यानात ठेवावी. दुरुस्त्या मिळालेल्यांनी तोच मजकूर चांगला सुधारला, पण आठवड्यानं नवा मजकूर लिहिला तेव्हा दुरुस्त्या मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांत फरक उरला नाही. म्हणून सुधारलेली प्रत बघून समाधान मानू नका. नवीन विषयावरच्या निबंधातल्या चुका मोजा. त्याही शंभर शब्दांमागे मोजा. 80 शब्दांत सहा आणि 150 शब्दांत सहा यांत बराच फरक आहे. वहीच्या शेवटच्या पानावर तारीख, प्रकार आणि संख्या एवढे तीन रकाने पुरतात.

नियमात न बसणाऱ्या चुकांवर खुणा करून काही साधत नाही. 'शिक्षकांशी विचारलं' हे हिंदीतल्या 'से'मुळे होतं. तिथे सरळ 'शिक्षकांना विचारलं' लिहून द्या. 'मी शिक्षा घेण्यासाठी शाळेत जातो' लिहिलं असेल तर 'शिक्षण' लिहा आणि मराठीत शिक्षा म्हणजे काय ते तोंडी सांगा. अर्थच बदलत असेल तर तो शब्द त्या निबंधाच्या प्रकारात नसला तरी सोडू नये.

वाकडची_मराठी
ऱ्हस्व-दीर्घाचं काय? माझी निम्मी लाल शाई तिथेच जाते.

सामान्यरूप
पहिल्या सत्रात हात लावू नका. मूल अजून 'फूलला' लिहीत असेल तर आधी 'फुलाला' हे रूपच शिकवायचंय. सामान्यरूप बसलं की 'फूल–फुलाला', 'खीर–खिरीत', 'मूल–मुलाला' अशा जोड्यांतून उपान्त्य (शेवटून दुसरं अक्षर) ऱ्हस्व कसा होतो ते आपोआप पुढे येतं. अपवाद एकच: 'दिन' आणि 'दीन'सारखा अर्थ बदलत असेल तिथे लिहून द्या.

तासिका_सहावी
वेळेबद्दल बोलायचं तर, एकच प्रकार धरला की एका वहीला तीन मिनिटं पुरतात. 42 वह्या दोन तासांत होतात. पण वाचलेल्या वेळातली पंधरा मिनिटं वर्गात खर्च करावीच लागतात. वह्या वाटल्या की लगेच, त्याच तासाला, मुलांनी 'सा'च्या खुणांखालचे शब्द दुरुस्त करून ती वाक्यं पूर्ण लिहायची. घरी करायला दिलं तर शेजारच्या दादाकडून होऊन येतं.

गुण त्या दिवशी देऊ नका. गुण दिसले की वही मिटते, पुढची रेघ कुणी वाचत नाही. दुरुस्ती तपासून मगच गुण द्या. सगळ्यात मागे असलेल्या पाच-सहा मुलांसाठी रेघेसोबत प्रत्येक पानावर एक शब्द तुम्हीच दुरुस्त करून द्या, बाकीचे त्याच धर्तीवर त्यांनी करावेत. नुसत्या खुणांनी ही मुलं हात टेकतात.

वाकडची_मराठी
उद्यापासून करून बघते. एकच अडचण: पालक म्हणतील, "बाईंनी चुका सोडल्या."

तासिका_सहावी
सत्राच्या सुरुवातीला वहीच्या पहिल्या पानावर चिठ्ठी चिकटवा आणि पालकांची सही घ्या: "प्रत्येक निबंधात एकाच प्रकारच्या चुका दाखवल्या जातील. कोणत्या, ते निबंधाच्या वर लिहिलेलं असेल." आणि मग दर वेळी शीर्षकाशेजारी न विसरता लिहा: "या वेळी: सामान्यरूप." घरी वही उघडणाऱ्याला ती ओळ आधी दिसली पाहिजे.