अनुभव धागा: पैसे कुठे अडकले, कुठे वाचले?

परवा भिशीत विषय निघाला. अकरापैकी पाच जणी कुठे ना कुठे फसलेल्या, आणि त्यातल्या चौघींनी घरी सांगितलेलंच नाही. म्हणून इथे विचारतेय. नाव नको, नागपुरातला आपला भाग आणि शंका कुठे यायला हवी होती तेवढं लिहा.

माझंच आधी. शेअर शिकवणारा व्हॉट्सॲप ग्रुप. 5,000 भरले, 5,800 खरोखर बँकेत आले. तिथेच मी गेले. पुढे 1,80,000 भरले, दर वेळी वेगळ्याच माणसाच्या खात्यात! ॲपवर 4,60,000 दिसायचे. काढायला गेले तर म्हणे आधी टॅक्स भरा. कर सरकारला भरायचा असतो, ॲपवाल्याला नाही, हे नवऱ्याने सांगितलं. पण मी आणखी 40,000 भरल्यावर.

महाल: मले स्कीममध्ये साडूनं आणलं, साडूले त्याच्या साहेबानं. महिन्याले 5 टक्के. सात महिने टकाटक आले, आठव्यात इतवारीतल्या ऑफिसाले कुलूप. आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार देली. एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांचा पैसा वाचवायच्या कायद्याखाली मालमत्ता जप्त होते म्हणतात, पण पैसा हाती कधी येते देव जाणे. साडू मले तोंड दाखवत नाही, अन् मी मेव्हण्याले. त्याले मीच आणलं होतं ना बाप्पा.

मानेवाडा: आम्ही थोडक्यात वाचलो. ‘मिहानपासून 10 मिनिटं’ म्हणून प्लॉट दाखवला, इसार आजच द्या म्हणे, उद्या भाव वाढतो. मुलीने महाभूलेख या सरकारी साइटवर सातबारा काढला. नाव भलत्याच शेतकऱ्याचं, जमीन शेतीची, नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल लेटर, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, तर नाहीच. एजंटला विचारलं तर म्हणाला, ‘काकू, विश्वास नाही का?’

धरमपेठ: मला सेबीचं, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचं, सर्टिफिकेट पाठवलं होतं, शिक्क्यासकट. नंबर सेबीच्या साइटवर टाकला तर तो दुसऱ्याच सल्लागाराचा! रोज 1 टक्का देणार होते. चक्रवाढीने मांडून बघा, वर्षात लाखाचे पावणेअडतीस लाख होतात. एवढा पैसा असता तर तो मला कशाला शोधत आला असता?

प्रतापनगर, बँकेत नोकरी: लाज वाटते म्हणून लोक दोन दिवस गप्प बसतात. तोवर पैसा चार खाती फिरलेला असतो. त्याच घटकेला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा, खातं गोठवता आलं तर काही वाचतं.

धागाकर्ती: त्या चौघींपैकी एकीने काल घरी सांगितलं. नवरा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘मी पण.’