कॉरोनेशन आणि फळ्यांची दुकानं

जुन्या गिरगावच्या आठवणींच्या या चर्चेत कुणीतरी लिहिलंय की मॅजेस्टिक सिनेमा थिएटर पाडलं तेव्हाच जुनं गिरगाव संपलं; ते मनापासून पटलं. १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा' लागला तो तिथेच. पण एवढ्या आठवणींत कॉरोनेशनचं नाव कुणीच घेतलं नाही, याची चुटपुट लागली. सँडहर्स्ट रोडवरच्या त्या थिएटरात ३ मे १९१३ ला दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर पहिल्यांदा आला. म्हणजे आपला पहिला पूर्ण लांबीचा मूकपट आणि पहिला बोलपट, दोन्ही गिरगावातच लागले. आज दोन्ही थिएटरं नाहीत. केवढं मोठं नुकसान आहे हे!

इराणी हॉटेलांबद्दल इथे भरपूर लिहून झालंय, म्हणून वाण्यांच्या दुकानांचं सांगतो. शटर येण्याआधी ती फळ्यांनी बंद व्हायची. प्रत्येक फळीवर रंगाने आकडा घातलेला असायचा. नोकर एकेक फळी खालच्या खाचेत बसवून सरकवत न्यायचा, शेवटच्या फळीला आडवी लोखंडी पट्टी आणि कुलूप. क्रम चुकला की फळी बसायचीच नाही, पुन्हा सगळ्या काढा. उशिरा साखर आणायला पाठवलेल्या पोरांना मालक दोन फळ्यांच्या फटीतून पुडा द्यायचे. अशा दुकानाचा एखादा फोटो कुणाकडे असेल तर जरूर टाका.