सिसप्लॅटिनची आयसी५० अपेक्षेपेक्षा खूप जास्त का येते?

रसायन_औंध : नमस्कार. मी पुण्यात अकार्बनी रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. दोन क्लोराइड आणि क्विनोलिनवर आधारित लिगँड (धातूला जोडलेला रेणू) असलेली काही प्लॅटिनम संकुले आम्ही तयार केली असून, अंडाशयाच्या कर्करोगाच्या ए२७८० पेशींवर त्यांची एमटीटी चाचणी (पेशींची सक्रियता रंगावरून मोजणारी) केली. आमचे एक संकुल सिसप्लॅटिन या प्लॅटिनमयुक्त कर्करोगविरोधी औषधापेक्षा प्रभावी दिसते. मात्र सिसप्लॅटिनची आयसी५० (परिणाम निम्म्यावर आणणारी मात्रा; जास्त म्हणजे औषध दुबळे) प्रकाशित मूल्यांच्या कितीतरी पट जास्त येते. सर्व नमुने डीएमएसओ या गंधकयुक्त द्रावकात विरघळवून फ्रीजरमध्ये ठेवले होते. दोन्ही नमुने एकाच प्लेटवर असल्यामुळे तुलना ग्राह्य धरावी, असे प्रयोगशाळेतील वरिष्ठांचे मत आहे. ते योग्य आहे का?

पेशी_पाषाण : माझ्या मते नाही, आणि कारण बहुधा डीएमएसओच आहे. त्यातील गंधक प्लॅटिनमशी घट्ट जोडला जातो व क्लोराइडला हुसकावून लावतो. त्यामुळे काही तास ठेवलेल्या द्रावणात आपण ज्याला सिसप्लॅटिन म्हणत आहात, ते मूळ औषध फारसे उरलेलेच नसते. संदर्भ-औषधच असे दुबळे झाले, तर शेजारचे कोणतेही संकुल सरस भासेल. प्लेट एक असल्याने हा दोष जात नाही.

सिसप्लॅटिन ०.९ टक्के सलाइनमध्ये ताजे विरघळवावे, कारण क्लोराइडचे प्रमाण भरपूर असले की पाण्याशी होणारी अभिक्रिया मंदावते. शरीरातही हेच घडते : रक्तात क्लोराइड सुमारे १०० मिलिमोलर असल्याने रेणू बराचसा टिकून राहतो, पेशीच्या आत ते बरेच कमी असल्याने क्लोराइडची जागा पाणी घेते, आणि मग प्लॅटिनम डीएनएतील ग्वानिनच्या एन७ अणूला बांधला जातो. आपल्या संकुलातही क्लोराइड आहेत, तेव्हा ते डीएमएसओमध्ये टिकते की नाही, हे ठरावीक तासांनी एनएमआर (रेणूची रचना दाखवणारी तपासणी) घेऊन पाहावे. सलाइनमध्ये विरघळत नसेल तर डीएमएफ हा दुसरा द्रावक वापरून, तेवढेच डीएमएफ घातलेल्या पेशी नियंत्रण म्हणून ठेवाव्यात. (शेवटी एमटीटीपासून बनलेला रंगीत फॉर्मझान विरघळवण्यासाठी डीएमएसओ खुशाल वापरा, तोवर पेशींचे काम झालेले असते.)

निवृत्त_औषधशास्त्र : वरील उत्तराशी सहमत आहे. सिसप्लॅटिनचा परिणाम शोधणारे शास्त्रज्ञ रोझेनबर्ग यांना १९६५ मध्ये ई. कोलाय जिवाणूंचे विभाजन थांबलेले दिसले, तेव्हाही त्यामागे विद्युतप्रवाह नसून इलेक्ट्रोडमधून द्रावणात उतरलेला प्लॅटिनम आहे, हे शोधावे लागले होते. या क्षेत्रात द्रावणात नेमके काय आहे हा प्रश्न पहिल्यापासूनचाच आहे.

माझी सूचना अशी, की ए२७८०सोबत तिची सिसप्लॅटिन-प्रतिरोधक जोडीदार पेशीमालिकाही तपासावी. दोन्हींतील आयसी५०चे गुणोत्तर (प्रतिरोधक पेशींची भागिले ए२७८०ची) सिसप्लॅटिनच्या गुणोत्तरापेक्षा स्पष्टपणे कमी आले, तरच नव्या संकुलाबद्दल काही वेगळे म्हणता येईल. निव्वळ 'सिसप्लॅटिनपेक्षा चांगले' असे सांगणारे निबंध पुष्कळ आहेत. पेशी गणेशखिंडच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून घेतल्या नसतील, तर त्यांची ओळख आणि मायकोप्लाझ्मा (पेशी दूषित करणारा जिवाणू) तपासून घ्यावा.

पेशी_पाषाण : एक भर घालतो. एमटीटी पेशींची चयापचय-क्रिया मोजते, मृत्यू नव्हे. डीएनएला इजा करणाऱ्या औषधांचा परिणाम उशिरा दिसतो, म्हणून २४ तासांवर थांबू नये, ७२ तासांचे मोजमापही घ्यावे.

रसायन_औंध : आभारी आहे. आमचे संकुल सलाइनमध्ये विरघळत नाही, त्यामुळे डीएमएफचा मार्ग घेते. त्यातील एनएमआर आधी करून मगच पेशींकडे वळेन. सिसप्लॅटिनचे ताजे द्रावण प्रकाशापासूनही दूर ठेवावे लागते ना?

पेशी_पाषाण : हो, फॉइल गुंडाळा. आणि ते फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीत औषध खाली बसते.