मदत हवी आहे : जन्मानंतर मूत्रपिंडात नेमके काय वाढते?

नमस्कार. मी वेंगुर्ल्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. उत्सर्जनसंस्थेच्या पाठात एका विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाचे पुरेसे उत्तर पाठ्यपुस्तकात नाही, म्हणून जाणकारांकडे मार्गदर्शन मागत आहे.

माणसात नवे नेफ्रॉन (रक्त गाळून मूत्र बनवणारे मूत्रपिंडातील सूक्ष्म घटक) घडण्याचे काम गर्भावस्थेच्या ३४ ते ३६ व्या आठवड्याच्या सुमारास संपते आणि त्यानंतर आयुष्यभर एकाही नेफ्रॉनची भर पडत नाही. तरीही पूर्ण दिवसांच्या बाळाचे जेमतेम ४ ते ५ सेंमी लांबीचे मूत्रपिंड मोठेपणी १० ते १२ सेंमी होते. मुलीचा प्रश्न सरळ आहे : संख्या वाढत नाही, तर वाढते काय?

माझ्या वाचनानुसार वाढीचा मोठा वाटा नलिकांचा, विशेषतः केशिकागुच्छाला (रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पुंजक्याला) लागून असलेल्या समीप नलिकेचा आहे. तिच्या पेशी विभागत राहतात आणि ती लांब व रुंद होत जाते. केशिकागुच्छावरच्या पोडोसाइट पेशी मात्र परिपक्व झाल्या की विभागत नाहीत. गुच्छ मोठा होताना त्या स्वतःच मोठ्या होऊन वाढलेला पृष्ठभाग झाकतात. जन्मतः मिनिटाला सुमारे २० मिली असलेला गाळणवेग (प्रौढाच्या शरीरपृष्ठाच्या प्रमाणात मोजलेला) दोन आठवड्यांत दुप्पट होतो, त्याचे श्रेय मात्र पेशींच्या संख्येपेक्षा रक्तदाब वाढण्याला आणि मूत्रपिंडातील रक्तवाहिन्यांचा विरोध कमी होण्याला अधिक जाते. दोन वर्षांच्या सुमारास हा वेग प्रौढाच्या पातळीला पोहोचतो.

अडचण पुढे आहे. नलिकेत विभागतात त्या आधीच विशेष काम शिकलेल्या पेशी, की मागे राखून ठेवलेल्या पूर्वज पेशी? शिवाय हेन्लेच्या पाशाची (नेफ्रॉनच्या नलिकेच्या U आकाराच्या वळणाची) पातळ चढती बाजू जाड बाजूच्या पेशींचे रूपांतर होऊन आणि काही पेशी मरून बनते, असे उंदरांवरील अभ्यासात वाचले. पण उंदराच्या पिल्लात नेफ्रॉन जन्मानंतरही काही दिवस घडत असतात, तेव्हा हे वर्णन माणसाच्या बाळाला कितपत लागू करावे?

शेवटचा प्रश्न वर्गातला नसून घरोघरचा आहे. आमच्याकडे एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात तान्ह्या बाळाला चमचाभर पाणी पाजावे, असा आज्यांचा आग्रह असतो. मूत्रपिंडाच्या अपरिपक्वतेशी त्याचा संबंध कसा समजावून सांगावा?

प्रतिसाद १

मॅडम, मी रत्नागिरी जिल्ह्यात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. पाण्याचे आधी सांगतो, कारण ते रोजचे आहे. नवजात बाळ लघवी प्रौढाच्या निम्म्याइतकीच घट्ट करू शकते : हेन्लेचे पाश आखूड असतात, दुधातील प्रथिने वाढीसाठी खर्च झाल्यामुळे मेड्युलात (मूत्रपिंडाच्या आतल्या भागात) युरिया कमी साचतो, आणि संग्राहक नलिकेच्या पेशी पाणी राखणाऱ्या संप्रेरकाला मंद प्रतिसाद देतात. यावरून बाळाला वरचे पाणी हवे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण गाळणवेगही कमी असल्यामुळे जादा पाणी लवकर बाहेर टाकता येत नाही, रक्तातील सोडियम उतरते आणि झटके येऊ शकतात. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते. सहा महिने तेवढे पुरते, उकाडा कितीही असो.

पेशींच्या उगमाविषयी संशोधकांत अजून एकमत नाही. इजा झालेल्या नलिकेची डागडुजी मुख्यतः वाचलेल्या नलिकापेशीच करतात, असे उंदरांत पेशींच्या वंशाचा माग काढणाऱ्या प्रयोगांतून दिसले : त्या आपले विशेष रूप काही काळ सोडतात, विभागतात आणि पुन्हा ते धारण करतात. विखुरलेल्या पूर्वज पेशी मानणारा गटही आहे. उंदरावरचे अभ्यास ‘कसे’ यासाठी घ्यावेत, ‘केव्हा’ यासाठी नव्हे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा उल्लेख आपण केला नाही. त्यांच्यात नेफ्रॉन घडणे जन्मानंतरही साधारण ४० दिवस चालू राहते, पण गर्भात जितके घडले असते तितके घडत नाहीत. म्हणून अशा मुलांचा रक्तदाब पुढेही तपासत राहावा आणि मूत्रपिंडाला अपाय करणारी औषधे जपून द्यावीत.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार, डॉक्टर. मुलीचा पुढचा प्रश्न आजच आला आहे : एक मूत्रपिंड दान केल्यावर उरलेले आकाराने वाढते, तेव्हाही नलिकापेशी विभागतात, की असलेल्या पेशी केवळ मोठ्या होतात?