मदत हवी आहे: हवाईयन गिटारचा हम जात नाही, शनिवारी कार्यक्रम

आडवी_तार
नमस्कार मंडळी. सहा तारांची इलेक्ट्रिक हवाईयन गिटार आहे. जोडली की घुंऽऽ सुरू. दोन केबली बदलून पाहिल्या, फरक शून्य. संथ गाण्यात तर सुरापेक्षा हमच जास्त ऐकू येतो. शनिवारी कार्यक्रम आहे. पिकअप (तारांचा कंप पकडणारी चुंबक-कॉइल) बदलू की अ‍ॅम्प, तेवढं सांगा.

सोल्डरगंध
अजून काहीच बदलू नका. आधी हे सांगा. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर नेला तर हम उरतो का? तारांना हात लावला की कमी होतो, वाढतो की तसाच राहतो? आणि गिटार मांडीवरून उचलून हळूहळू गोल फिरवली तर एखाद्या दिशेला बसतो का? या तीन उत्तरांवरून दोष अ‍ॅम्पमध्ये, वायरिंगमध्ये की खोलीत ते बरंचसं कळतं. गिटार आणि अ‍ॅम्प यांच्यामध्ये काय काय आहे तेही लिहा.

ध्वनीवेडा
इतकं कशाला? नॉइज गेट पेडल लावा, आवाज ठरावीक पातळीच्या (थ्रेशोल्डच्या) खाली गेला की ते सगळंच बंद करतं. दोन मिनिटांचं काम. माझ्या सेटअपमध्ये कायम असतो.

मींडप्रेमी
ध्वनीवेडा, सरळ गिटारवर ठीक आहे, स्टीलवर म्हणजे हवाईयनवर नाही. इथे बार सरकवत सूर सहा-सात सेकंद लांबवायचा असतो, आणि तो विरत जातो तोच भाग ऐकणाऱ्याला हवा असतो. गेट नेमका तिथेच दार लावतो. थ्रेशोल्ड खाली आणला तर हम आत येतो, वर नेला तर मींड अर्ध्यात तुटते. शिवाय सूर चालू असताना गेट उघडाच, म्हणजे हम सुराखाली असतोच.

आडवी_तार
व्हॉल्यूम शून्यावर नेला तर कमी होतो, पण पूर्ण जात नाही. तारांना हात लावून काहीच फरक नाही. फिरवल्यावर थोडा फरक पडतो. मध्ये काही नाही, सरळ अ‍ॅम्पला. आता सांगा.

तीनपिन
अ‍ॅम्पच्या प्लगमधली वरची जाडी पिन काढून टाका. अर्थ सुटला की हम लगेच बंद. सगळे ऑर्केस्ट्रावाले हेच करतात.

सोल्डरगंध
तीनपिन, कृपा करून हा सल्ला मागे घ्या. अ‍ॅम्पमध्ये फेज कधी चासीला (धातूच्या सांगाड्याला) टेकली, तर तो करंट जायला ती जाडी पिन हा एकच रस्ता आहे. ती काढली की २३० व्होल्ट जॅकच्या बाहेरच्या भागावर, तिथून केबलच्या जाळीवर, तिथून तारांवर. स्टील वाजवणाऱ्याच्या डाव्या हातात लोखंडी बार असतो आणि उजवा तळवा तारांवर. त्यात ओठ माइकला लागले तर सर्किट छातीतून पूर्ण होतं. हम बंद व्हावा म्हणून जीव पणाला लावायचा नाही.

आडवी_तार, उलट हॉलचा अर्थ जिवंत आहे का ते मल्टिमीटरने बघा. मीटर एसी ७५० व्होल्टवर. फेज ते न्यूट्रल साधारण २३०, फेज ते अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज ते अर्थ ६० किंवा १०० असं लटकतं काही दिसलं तर अर्थ कुठेतरी तुटलाय. मग वायरमनला बोलवा, तोवर काही जोडू नका.

आता मुख्य मुद्दा. तारांना हात लावून फरक पडत नाही म्हणजे बहुतेक तारा ग्राउंडला जोडलेल्याच नाहीत. मीटर बीपवर ठेवा. एक टोक ब्रिजच्या (तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या) धातूला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या नटला. बीप येते का?

गिटारदालन
विषय निघालाच आहे म्हणून. बाजारात आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार ही स्टील गिटारच होती, रिकेनबॅकरची अ‍ॅल्युमिनियमची 'फ्राइंग पॅन', १९३२. तिच्या पिकअपमध्ये नालेच्या आकाराचे दोन लोहचुंबक तारांवरून वळसा घालतात. म्हणजे सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचा पिकअप) आणि हम हे नातं गिटारइतकंच जुनं. दोन उलट गुंडाळ्यांनी हम मारण्याची गिब्सनची हम्बकर १९५५ च्या सुमाराची, सेथ लव्हर यांची.

सुरेल६
तारा कोणत्या लावता? सी सिक्स्थ ट्यूनिंगला पहिली तार ०.०१५ इंचाची घ्या, ०.०१२ नको, बारखाली ढिली पडते. आणि बार किमान २०० ग्रॅमचा हवा.

आडवी_तार
सुरेल६, ट्यूनिंगचा प्रश्नच नाहीये. @सोल्डरगंध, अर्थ ठीक आहे, २३२, २३१ आणि १.४. बीप येत नाही. पण जॅकच्या नटला बोट लावलं की हम निम्म्यावर येतो. याचा अर्थ काय?

सोल्डरगंध
अर्थ स्पष्ट आहे. माणसाचं शरीर खोलीतल्या वायरिंगचा विद्युत आवाज गोळा करणारी मोठी अँटेना आहे आणि ती पिकअपच्या अगदी जवळ बसलेली असते. तारा ग्राउंडला असतील तर बार किंवा तळवा टेकताच ती अँटेना शांत होते. तुमची ब्रिजची वायर तुटली आहे किंवा जोडलीच नाही. पिकअप मध्ये कधी बदलला होता का?

आडवी_तार
हो, गेल्या वर्षी एका दुकानात. ते महत्त्वाचं आहे का?

सोल्डरगंध
खूप. पिकअपच्या दोनच वायरी जोडून ब्रिजची तिसरी आतच लोंबकळत राहते, हे नेहमीचं आहे. पिकअपची प्लेट उघडा, बहुतेक दिसेलच. दिसली नाही तर नवी टाका. बारीक मल्टीस्ट्रँड वायर, एक टोक दोन सेंटीमीटर सोलून तंतू पंख्यासारखे पसरवा, ब्रिजखाली दाबा आणि स्क्रू आवळा. खालच्या लाकडावर रंग असला तरी चालेल, पण ब्रिजच्या खालच्या बाजूला पॉलिश किंवा गंज असेल तर पॉलिश पेपरने घासा. दुसरं टोक व्हॉल्यूम पॉटच्या (व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या गोल भागाच्या) पाठीवर.

पॉटच्या पाठीवर २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरत नाही. सोल्डर वर गोळा होऊन बसतं, खाली धरत नाही, आणि पंधरा दिवसांनी सुटतं. ४० ते ६० वॅट घ्या, पाठ आधी घासून चमकवा, ६०-४० सोल्डर वापरा. डबीतला पिवळा पेस्ट कमीत कमी, नंतर स्पिरिटने पुसा. काम झाल्यावर ब्रिज ते जॅक एक ओहमच्या आसपास यायला हवं. तिथेच पिकअपही मोजा. साधी सिंगल कॉइल बहुधा ५ ते ८ किलोओहम दाखवते. काहीच दाखवलं नाही तर गुंडाळी तुटली आहे.

तापकीरगल्ली
पुण्यात असाल तर तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सगळं मिळेल. दुकानात 'पी थर्टीएट मोनो' म्हणा, साडेसहा मिलीमीटरचा जॅक लगेच काढून देतात. जुना जॅक ढिला असेल तर याच वेळी बदला. आणि तांब्याची चिकटपट्टी घ्या, आतल्या पोकळीला लावायला.

ध्वनीवेडा
तांब्याच्या पट्टीने हम जात नाही, लोक उगाच पैसे घालतात.

सोल्डरगंध
ध्वनीवेडा, अर्धं बरोबर आहे. दोन वेगळे आवाज आहेत. फॅनचा रेग्युलेटर, एलईडीचे ड्रायव्हर, चार्जर यांची चरचर ही विद्युत क्षेत्रातून येते, ती पट्टीने नक्की कमी होते. ट्रान्सफॉर्मर किंवा ट्यूबलाइटच्या लोखंडी चोकचा खर्जातला घुं हा चुंबकीय असतो, त्याला तांब्याची पातळ पट्टी अडवत नाही. तो फक्त दिशा, अंतर किंवा दुसऱ्या कॉइलने जातो. पट्टी लावताना प्रत्येक तुकडा आधीच्यावर ५ मिलीमीटर चढवा, गोंद वाहक नसेल तर सांध्यावर सोल्डरचा एक ठिपका द्या, सगळं पॉटच्या पाठीला जोडा. जॅकच्या टिपचं पातं पट्टीला टेकेल तिथे इन्सुलेशन टेप आधी लावा. नाहीतर हमही जाईल आणि गिटारही.

मींडप्रेमी
कानाने ओळखायचं असेल तर ५० हर्ट्झ हा सर्वांत खालच्या जी-च्या किंचित वर पडतो, १०० हर्ट्झ त्याच्या एक सप्तक वर. व्हॉल्यूम शून्यावर असताना १०० चा जाड आवाज येत असेल तर अ‍ॅम्पचे फिल्टर कपॅसिटर थकले असण्याची शक्यता. पांढरी पाच म्हणजे जी-चा सा घेऊन वाजवत असाल तर हम तुमच्या साशीच भिडतो, म्हणून जास्त बोचतो.

आडवी_तार
ब्रिजची वायर खरंच सुटलेली होती. जोडली, ०.६ ओहम. पट्टीही लावली. तारांना हात लागला की आता चरचर पूर्ण जाते. पण व्हॉल्यूम शून्यावर असतानाचा घुं तसाच आहे, आणि कार्यक्रमाच्या हॉलमध्ये तो घरापेक्षा जास्त आहे. घरी जवळजवळ नसतो. हे कसं?

सोल्डरगंध
हॉलमध्ये घरापेक्षा वेगळं काय जोडता? सगळं लिहा, छोटं वाटलं तरी.

आडवी_तार
काही नाही. व्हॉल्यूम पेडल, अ‍ॅम्प, आणि अ‍ॅम्पच्या लाइन आउटमधून एक वायर मिक्सरला. ती तर सगळेच देतात.

मींडप्रेमी
"मध्ये काही नाही" असं तुम्ही लिहिलं होतं. पेडल आणि मिक्सर दोन्ही निघाले!

सोल्डरगंध
असू द्या, सापडलं. गिटार न वाजवता मिक्सरची ती वायर उपटून बघा. हम गेला तर हा ग्राउंड लूप. अ‍ॅम्प स्टेजवरच्या बोर्डावर, मिक्सर मागच्या भिंतीवरच्या दुसऱ्या बोर्डावर. दोघांच्या अर्थमध्ये थोडा फरक असतो आणि तो तुमच्या वायरीच्या जाळीतून वाहतो. गिटार यात कुठेच नाही, म्हणून व्हॉल्यूम शून्यावरही ऐकू येतो. आधी फुकटचा उपाय: मिक्सरपासून एक जाड तीन-पिन एक्स्टेंशन ओढा आणि अ‍ॅम्प त्यावर लावा. उरलाच तर लाइन आउट आणि मिक्सर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय बॉक्स (सिग्नल पुढे देणारी छोटी डबी), त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबायचं. ते फक्त सिग्नलच्या वायरीची जाळी तोडतं, २३० व्होल्टचा अर्थ जागेवरच राहतो. तीनपिन, तुम्हाला हवा असलेला परिणाम असा सुरक्षितपणे मिळतो.

तीनपिन
मान्य. बटणाचं माहीत नव्हतं.

तापकीरगल्ली
पेडल अर्ध्यावर असताना हम वाढत असेल तर त्यातला पॉट आणि पेडलची खालची धातूची प्लेट बघा. प्लेट जॅकच्या जाळीला जोडलेली नसेल तर सगळं पेडल अँटेना होतं. आणि हॉलमध्ये लाइट गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चालत असेल तर चरचर येणारच, साइन वेव्हवाला मागा.

आडवी_तार
वायर उपटली, घुं गेला. एक्स्टेंशनने सुमारे ऐंशी टक्के काम झालं, डीआय उद्या भाड्याने आणतो. प्लेट जोडलेली आहे. आता फक्त गिटार अ‍ॅम्पकडे तोंड करून असली की हलका घुं येतो, वळवली की जातो. हम्बकर बसवू का?

सोल्डरगंध
नाही. हा अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरचा चुंबकीय घुं आहे, तुमचा सिंगल कॉइलचा उजळ सूर त्यासाठी घालवू नका. अ‍ॅम्प किमान दोन मीटर लांब ठेवा, खुर्ची फिरवत सर्वांत शांत कोन शोधा आणि तिथे स्टेजवर खुर्चीच्या पायांना चिकटपट्टीच्या खुणा करा. शनिवारी तालीम झाल्यावर कोणी खुर्ची हलवली तरी तीच जागा परत मिळेल. आणि फॅनचा रेग्युलेटर पूर्ण पाचवर ठेवायला सांगा, मधल्या आकड्यावर नको.